पाच नंबरभोवतीचं कडं

जगतपुरा, जयपूर
९ सप्टेंबर २०२५

डॉ. सावनी उपळेकर यांस,

सप्रेम नमस्कार. 'सप्रेम' लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, त्यातून भलता अर्थ काढू नकोस.

सहा वर्षांनी लिहिते आहे आणि तेही कागदावर. मेल कुणीही कुणालाही पुढे ढकलतं. हे पत्र स्पीड पोस्टाने येईल आणि त्याची पावती माझ्या कपाटात राहील. पावतीवर तारीख आणि वेळ छापलेली असते. उद्या कुणी विचारलंच की आधी कुणाला माहीत होतं, तर दाखवायला काहीतरी हवं.

आता सरळ विचारते. पाच नंबरबद्दल तुला कुणी सांगितलं?

रेडिओ दुर्बिणीवर पुढच्या हंगामात कुणाला किती वेळ मिळाला, त्याची यादी काल लागली. त्यात तुझं नाव आहे, अकरा तास आहेत आणि विषय आहे, 'एका एकाकी न्यूट्रॉन ताऱ्याभोवतीच्या स्फोट-अवशेषाचा रेडिओ शोध'. कोणता तारा, ते लिहिलेलं नाही. का नाही लिहिलं ते कळतं मला, मी काही दूधखुळी नाही. आपण दोघी सरांकडे पीएच.डी. करत होतो तेव्हा तरी तू ताऱ्याचं नाव लिहायला घाबरत नव्हतीस. सरांच्या यादीत असे सातच तारे होते आणि त्यांना आपण नंबरांनीच हाक मारायचो. सातही मुके. पल्सारसारखी टिकटिक नाही, शेजारी दुसरा तारा नाही. फुटलेल्या ताऱ्याचा मलबा कड्यासारखा पसरत जातो आणि काही हजार वर्षांनी विरतो, हे सातजण तर लाखो वर्षांचे म्हातारे, त्यांच्याभोवती आता काय उरलं असणार, असं म्हणून सगळ्यांनी त्यांचा नाद सोडला. तूही सोडलास. मग नेमकी याच वर्षी तुला त्यांची आठवण कशी झाली, ज्या वर्षी मला कडं सापडलं?

हो, सापडलं आहे. लपवून काय करू, तुला माहीत आहेच. पाच नंबरभोवती, चंद्राच्या निम्म्या आकाराचं, पुसट पण पूर्ण गोल कडं. त्याच्या आकारावरून ताऱ्याचं वय निघतं आणि ते आजवर धरलेल्या वयाचा दहावा हिस्साही नाही. दुर्बिणीच्या संग्रहातला जुना डेटा उतरवून घेऊन अकरा महिने मी त्यावर बसले, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या पोरांना घर्षण आणि लेझर शिकवून उरलेल्या वेळात. तुझ्याकडे पुण्यात हवी तेवढी यंत्रं असतील. माझ्याकडे इथे एकच संगणक आहे आणि तोही परीक्षा विभागाबरोबर वाटून घ्यावा लागतो. शोधनिबंध गेल्या महिन्यात पाठवला आहे. तेव्हा शर्यत तू हरली आहेस, एवढं तुझ्या कानावर घालते.

निबंध पाठवण्याआधी हे ठाऊक असलेली माणसं तीन. एक मी. दुसरा माझा नवरा परीक्षित, तो सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि आकाशातलं त्याला चंद्र आणि विमान एवढंच ओळखू येतं. तिसरी सोनम, स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी बसते, केमिस्ट्री शिकवते. तिने एकदा पडद्याकडे बघून विचारलं होतं, "मॅडम, ये कंगन किसका है?" तिची नणंद पुण्यात असते. हे मला आठवड्यापूर्वी कळलं आणि तेव्हापासून मी पडदा भिंतीकडे वळवून बसते.

उत्तर दे. नाही दिलंस तरी तेच उत्तर समजेन.

सुहासिनी

जगतपुरा
२२ सप्टेंबर २०२५

सावनी,

चार ओळी मिळाल्या. आत आणखी काही राहिलं असेल म्हणून पाकीट उजेडात धरून बघितलं. नव्हतं.

तू लिहितेस, 'पाच नंबरशी माझा काही संबंध नाही. कॅलिब्रेशनच्या मॉडेलमधून कडं काढून टाक आणि चित्र पुन्हा कर. मग हव्या तेवढ्या शिव्या दे. मुलाखतीला शुभेच्छा.'

पहिल्या ओळीवर माझा विश्वास नाही. संबंध नाही म्हणतेस तर मग कोणाशी आहे, ते का नाही लिहिलंस?

दुसऱ्या ओळीने मात्र माझं डोकं फिरलं. मॉडेल कसं करायचं ते तू मला शिकवणार? तीन नंबरभोवती कडं दिसतं असं तू प्रबंधात लिहिलं होतंस. ते आकाशात नाही, सावनीच्या मॉडेलमध्ये आहे, असं सरांना जाऊन सांगणारी मी होते. सर हादरले, त्यांनी ते अख्खं प्रकरण काढायला लावलं, तुझं एक वर्ष गेलं. मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण कामात मैत्री आणू नये, हे सरांचंच वाक्य होतं. आता सहा वर्षांनी तीच काठी माझ्या पाठीत घालायची, असा तुझा बेत दिसतो. मी तुझ्या पत्त्यावर पत्र पाठवलं हीच चूक झाली.

आणि शेवटची ओळ. मी तुला मुलाखतीबद्दल एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. माझ्या पत्राचा फोटो काढून ठेवला होता, तो दोनदा वाचला. नाहीच. मग कळलं कसं?

कळलंच आहे तर ऐक. बारा नोव्हेंबरला आहे, तुझ्याच गावात, तुझ्या संस्थेत नाही एवढंच माझं नशीब. कायमची संशोधनाची जागा. पुढच्या वर्षी मी वयाच्या अटीबाहेर जाते, म्हणजे ही शेवटची. आणि समितीपुढे ठेवायला माझ्याकडे त्या कड्याखेरीज काही नाही. ते गेलं तर निवृत्त होईपर्यंत घर्षण आणि लेझर. हे तुला माहीत असूनच तू कडं काढून टाक म्हणतेस ना?

मुलाखतीचं तुला कुणी सांगितलं ते मी शोधून काढीन.

सुहासिनी

जगतपुरा
८ ऑक्टोबर २०२५

सावनी,

शोधून काढलं.

परीक्षित आंघोळीला गेला होता तेव्हा त्याचा फोन बघितला. असं करू नये, मला कळतं. जुलैत तुला दोन फोन, एक अकरा मिनिटं, एक चार. नाव 'सावनी पुणे' असं जपून ठेवलेलं. मी जेवायला वाढलं आणि फोन त्याच्या ताटाशेजारी ठेवला, तुझं नाव उघडून.

तो चपापला वगैरे नाही. म्हणाला, "हो, केले होते. पुण्यात कुठे जागा निघते आहे का ते तू जन्मात विचारणार नाहीस, म्हणून मी विचारलं." म्हणजे त्या जागेची जाहिरात त्याने शोधलीच नव्हती. मी महिनाभर त्याचं कौतुक करत होते आणि पाठवली होतीस तू. मुलाखतीचं बोलावणं आल्याचंही त्यानेच तुला मेसेजवर कळवलं होतं.

"आणि कड्याबद्दल काय सांगितलंस तिला?"

"कुठलं कडं?" असं त्याने विचारलं. सावनी, तो खरंच विसरला होता. अकरा महिने मी या घरात दुसरं काही बोलले नाही आणि हा माणूस विचारतो, कुठलं कडं.

"ती एवढंच म्हणाली, सुहास कशी आहे? दोनदा विचारलं," तो म्हणाला.

मग त्याने तुझं पत्र काढलं. मला आलेलं पत्र याने कधी वाचलं, हा प्रश्न मी गिळला, कारण त्याचा फोन माझ्यासमोर होता. त्या दुसऱ्या ओळीचा अर्थ काय, म्हणाला. मी सांगितलं. वरच्या हवेमुळे दुर्बिणीचं चित्र थरथरतं. ते स्थिर करायला संगणकाला आधी सांगावं लागतं, आकाशात काय काय आहे असं आपल्याला वाटतं. त्याला मॉडेल म्हणतात. मग एकेका अँटेनाचा डेटा थोडा इकडे, थोडा तिकडे ओढून संगणक तो मॉडेलशी जुळवून घेतो. अशा फेऱ्या करत गेलं की चित्र साफ होतं.

तो आमटीभात कालवत म्हणाला, "म्हणजे उत्तर आधी सांगायचं आणि मग प्रश्न विचारायचा?"

मी म्हटलं, तसं नसतं. ठळक तारे असतात, ते कुठे आहेत याबद्दल कुणाला शंका नसते, तेवढेच मॉडेलमध्ये घालायचे. पुसट काही घालायचं नसतं.

"तू घातलंस?"

मी ताटं उचलली.

तू सांगितलेली चाचणी मी करणार आहे, पण आत्ता वेळ नाही. मध्यसत्राचे गुण भरायचे आहेत. आमचे विभागप्रमुख मुरलीधरजी कॉलेजच्या मूल्यांकनाच्या फाइलसाठी रोज दारात येऊन उभे राहतात, "मॅडमजी, तारे तो कल भी रहेंगे, नॅक की फाइल आज चाहिए." दुपारी वीज जाते. भीती वाटते म्हणून टाळते आहे असं समजू नकोस.

सुहासिनी

जगतपुरा
२५ ऑक्टोबर २०२५

सावनी,

केलं.

दिवाळीची सुट्टी होती, कॉलेजात चिटपाखरू नव्हतं. चौकीदाराने प्रयोगशाळा उघडून दिली आणि बाहेर ऊन खात बसला. मॉडेलमध्ये फक्त ठळक तारे ठेवले, कडं काढलं, आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा चालवलं. दोन दिवस लागले. कडं नाही. डावीकडे एक डाग आहे, कोयरीसारखा वाकडा. तो काहीही असू शकतो.

तो डाग मला नवा नाही. गेल्या वर्षी पहिल्यांदा दिसलं होतं तेही एवढंच. मला वाटलं, हा गोलाचा तुकडा आहे. उरलेला गोल मी माऊसने काढला आणि मॉडेलमध्ये टाकला, संगणकाला वाट दाखवावी म्हणून. प्रत्येक फेरीत कडं अधिक ठळक होत गेलं. मला वाटत होतं ते सापडतं आहे. सातव्या फेरीनंतर मी परीक्षितला मावा कचोरी आणायला पाठवलं होतं.

तरी माझं समाधान होईना. म्हटलं, तुझ्या सांगण्याचा मनावर परिणाम झाला असेल. म्हणून त्याच डेटात एक कोपरा घेतला जिथे काहीच नाही, ना तारा, ना डाग. तिथे तसाच गोल काढला आणि तशाच सात फेऱ्या केल्या. सावनी, तिथेही कडं आलं. पाच नंबरपेक्षा जास्त सुबक आलं. मी ते बघून इतकी हसले की चौकीदार आत डोकावून गेला. मग रडले, ते त्याने बघितलं नाही.

आता मुद्द्याचं. हे कुणालाही माहीत नाही. निबंध तपासणाऱ्याचं मत परवाच आलं, त्याने 'पटण्यासारखं' असा शब्द वापरला आहे. मुलाखत अठरा दिवसांवर आहे. समितीतल्या पाचांपैकी निदान तिघांना तू ओळखतेस, रोज चहाला भेटत असशील. तू त्यांना सांगणार आहेस का?

चिडू नकोस. तुझ्या जागी मी असते तर सांगितलं असतं. सांगितलंच होतं.

सुहासिनी

जगतपुरा
१८ नोव्हेंबर २०२५

सावनी,

निबंध मी अकरा तारखेला मागे घेतला, पुण्याला येणाऱ्या गाडीत बसून, फोनवरून. मोठं मन वगैरे काही नव्हतं. तू सांगितलं असणार आणि ते पाचजण मला खेळवून खेळवून धरणार, अशी माझी खात्री होती. पकडलं जाण्याआधी आपणच बोलावं, एवढाच हिशोब.

समितीपुढे बसले आणि एकेकाचा चेहरा वाचायला लागले. कुणालाच काही माहीत नव्हतं. एका बाईंनी तर अगदी उत्सुकतेने पहिला प्रश्न कड्यावरच विचारला. मी सांगितलं, ते कडं नाही, मी काढलेलं आहे, निबंध काल मागे घेतला. मग एकांनी विचारलं, "आता तुमच्याकडे दाखवायला काय आहे?" मी रिकाम्या आकाशातलं कडं दाखवलं. ते हसले, चांगल्या मनाने हसले, आणि चहा मागवला. अशा चहाचा अर्थ आपल्या क्षेत्रात सगळ्यांना कळतो.

तू बोलली नव्हतीस. परतताना रिक्षा तुझ्या संस्थेवरून गेली. थांबवली नाही.

घरी आले तर तुझं खोकं येऊन पडलेलं. डिस्क आणि पत्र. या वेळी चार ओळींपेक्षा जास्त. अकरा तास तीन नंबरसाठीच मागितले होते, ते ऑक्टोबरात मिळाले, आणि मॉडेलमध्ये कडं न घालताही कडं दिसतं आहे, असं तू लिहितेस. पुढचं मी तुझ्याच शब्दांत उतरवते, कारण ते मी इतक्यांदा वाचलं आहे की पाठ झालं. 'माझ्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. सहा वर्षांपूर्वी एका माणसाने ठेवला नाही आणि ते सगळ्यांच्या लक्षात आहे. कच्चा डेटा पाठवते आहे. माझं चित्र पाठवत नाही, माझ्या पायऱ्याही सांगत नाही. तू पहिल्यापासून कर. मला असं माणूस हवं आहे ज्याचा माझ्यावर सगळ्यात जास्त संशय आहे.'

डिस्क दोन दिवस खोक्यातच होती. यात तुझा डाव काय असेल ते मी मांडून बघत होते. मी कडं नाही म्हटलं तर तू दुसऱ्यांदा संपलीस. आहे म्हटलं तर फायदा तुझा, पण ते खरं असेल तरच. कसंही फिरवलं तरी तू तुझी मान माझ्या हातात दिली आहेस, एवढंच निघतं. असं कुणी शहाणं माणूस करत नाही, म्हणून अजूनही मला खटकतं आहे.

करते. पण दयामाया ठेवणार नाही, हे लिहून देते.

सुहासिनी

जगतपुरा
१० डिसेंबर २०२५

सावने,

पुण्याची जागा मिळाली नाही. दोन ओळींचा मेल आला. परीक्षित दिवसभर माझ्याशी काचेच्या भांड्याशी बोलावं तसं बोलत होता, शेवटी मीच त्याला ओरडले, तेव्हा कुठे घर जागेवर आलं. दुसऱ्या दिवशी लेझर शिकवला. एका पोरीने चांगला प्रश्न विचारला, असं वर्षातून एकदा होतं.

आता तीन नंबर.

पहिल्यांदा केलं तेव्हा मॉडेलमध्ये फक्त ठळक तारे होते. कडं दिसलं. मी म्हटलं, काहीतरी निसटलं आहे. मग डेटाचे दोन भाग केले, पहिले साडेपाच तास वेगळे, नंतरचे वेगळे. खोटं असतं तर एकात आलं असतं, दुसऱ्यात नाही. दोन्हींत आलं. मग एकेक अँटेना काढून बघितला. मग जिथे कडं आहे तिथे आकाश कोरं आहे असं मॉडेलला ठासून सांगितलं, म्हणजे डेटा कड्याच्या विरुद्ध ओढला जावा. तरी ते बसून राहिलं, जरा फिकं झालं एवढंच. तीन आठवडे मी ते घालवायचा प्रयत्न करत होते. खरं सांगते, ते जावं असं मला वाटत होतं. गेलं असतं तर सहा वर्षांपूर्वी मी बरोबर होते, आणि मग बाकी काही नसलं तरी चाललं असतं.

ते गेलं नाही. तीन नंबरभोवती कडं आहे. माझ्या नावाने लिही, सही करते.

आता उरलेलं.

तेव्हा, त्या शुक्रवारी, तू तुझा डेटा माझ्या डिस्कवर घालून दिला होतास. 'मला सगळं बरोबर वाटतंय म्हणूनच भीती वाटते आहे, तू बघ आणि सोमवारी सांग,' म्हणालीस. सोमवारी मी सरांकडे गेले. सरांनी विचारलं, तू स्वतः तपासलंस का? मी हो म्हटलं.

मी तपासलं नव्हतं. तुझं चित्र फक्त बघितलं होतं. इतकं सुरेख कडं बघून माझ्या मनात पहिलं काय आलं असेल, तर हे मी कसं काढलं असतं. मला ते काढता येत होतं, पुसट दिसलं की मॉडेलमध्ये थोडं ढकलायची सवय मला तेव्हापासूनच होती, म्हणून मला वाटलं तूही तेच केलंस. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. आणि तुझं कडं माझ्या प्रबंधातल्या सगळ्या कामापेक्षा मोठं होतं, हेही होतं. ते मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

सरांना काल पत्र टाकलं. ते आता फार वाचत नाहीत, पण त्यांचा मुलगा वाचून दाखवतो. चार वाक्यांचं आहे. त्यातलं पहिलंच वाक्य असं की मी खोटं बोलले होते. समितीतल्या त्या बाईंनाही एक प्रत पाठवली आहे, कारण सहा वर्षांपूर्वी ही गोष्ट ज्यांच्या कानावर गेली त्यांत त्याही होत्या. आणखी कुणाकुणाला पाठवायची ते तू सांग. तू सांगशील त्याला पाठवीन.

माफ कर असं लिहून बघितलं, दोनदा खोडलं. तू मागितलेलं ते नव्हतं. तू मागितलं होतंस की डेटा बघ आणि सोमवारी सांग.

जुनी डिस्क सापडली, ट्रंकेत होती. तुझी ती फाईल मी काल पहिल्यांदा उघडली. कोऱ्या मॉडेलने केलं, तुझ्यासारखंच. डेटा थोडा आहे, चित्र खडबडीत आहे, खालच्या बाजूला कडं तुटल्यासारखं वाटतं. पण कुणीही बघून सांगेल. सावने, ते तेव्हाही दिसत होतं.

सुहास